गंमतकाकांची बरोबरी

गंमतकाका हरायचे तेसुद्धा घाईघाईनं. बाकीच्यांचे बुद्धिबळाचे डाव तीन-तीन तास चालायचे, माणसं डोकी धरून बसायची, आणि आमचे काका पाऊण तासात हरून, समोरच्याशी हात मिळवून बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसलेले असायचे. मी माझ्या डावातून मान वर करून पहिल्या बोर्डाकडे बघावं, तर खुर्ची रिकामी. दर वेळी मला तितकाच राग यायचा. अहो हरा ना, माणूस हरतो, पण निदान संघासाठी रडतखडत तरी हरा! विचारलं तर म्हणायचे, "हराचंच हाय तं टाइम कायले खाचा वो बाई? त्या मानसालेबी घरी काम असन."

काकांचं खरं नाव मी फक्त स्पर्धेच्या फॉर्मवर लिहायचे. वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत त्या नावानं हाक मारली असती तर त्यांनी स्वतःसुद्धा वळून बघितलं नसतं. गावाबाहेर त्यांची भाजीपाल्याची वाडी होती. वांगी, मेथी, मुळे आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुण्याचे पाहुणे ह्या शब्दाला हसतात, हसू देत. तर हे काका एके दिवशी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आले, जिथे आमचा बुद्धिबळाचा क्लब भरतो, आणि पहिलाच डाव असा काही खेळले की आमचे ढोबळे सर म्हणाले, "अहो, हा तर किंग्ज गँबिट!" काकांना ते 'किंग्ज गंमत' ऐकू आलं. घरी पोचेपर्यंत त्याची 'राजाची गंमत' झाली आणि आठ दिवसांत त्यांचे गंमतकाका झाले. ती चूक कुणी दुरुस्त केली नाही. मी एकदा करून बघितली, तर म्हणाले, "गंबीट म्हंजे काय वो?" मला नीट सांगता येईना. तेव्हा गंमतच राहिली.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्या डावात पांढऱ्या सोंगट्यांचा खेळाडू दुसऱ्याच चालीत आपल्या राजाच्या बाजूचं, उंटापुढचं प्यादं समोरच्याच्या तोंडात देतो. फुकट. त्या बदल्यात मैदान मोकळं होतं, आपली फौज भराभर बाहेर पडते, आणि आपल्याच राजाच्या घराचं दारही सताड उघडं पडतं. समोरचा गडबडला तर वीस चालींत त्याच्यावर मात. नाही गडबडला तर आपल्यावर. आणि वर्ध्याच्या लीगमध्ये येणारी माणसं गडबडणारी नसतात, हे मी त्यांना आठ वर्षं सांगत होते. "प्यादं सांभाळून का करता बाई," ते म्हणायचे, "प्यादं पेराचं असते. पेरल्याबिगर काई उगवते का?" पेरलेलं दर वेळी समोरचा कापून नेत होता, त्याचं काय?

बरं, हा डाव ते शिकले कुठून? तर एका फाटक्या हिंदी पुस्तकातून. वर्ध्याच्या भाजीबाजारात कुणाच्या तरी रद्दीत त्यांना त्याची पहिली सोळा पानं सापडली होती. सोळा पानांत एकच धडा, तोही अर्धा. आठव्या चालीला पान संपत होतं. म्हणजे आठ चाली काकांना तोंडपाठ, आणि नवव्या चालीपासून सगळं देवाच्या भरवशावर! मी त्यांना म्हटलं, पुढचं सगळं फोनवर मिळतं, दाखवते, बसा. तर हात आडवा केला. "पुढचं आधीच पाहून ठेवलं तं मंग बसून खेळाचं काय?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी भांडले ती गोष्ट वेगळी.

मुळात ते देशी बुद्धिबळावर वाढलेले. देशी खेळात प्यादं एकेकच घर चालतं, आणि राजाला शह लागायच्या आधी एकदा, एकदाच, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. स्पर्धेच्या नियमांत ती उडी नाही. काकांना हे माहीत होतं, मी दहा वेळा सांगितलं होतं. तरी एका वर्षी हिंगणघाटच्या एका संघाशी सामना चालू असताना, काका चक्क जिंकत असताना, घड्याळात दोन मिनिटं उरलेली असताना, त्यांनी अगदी शांतपणे आपला राजा उचलला आणि घोड्यासारखा उडवून हत्तीच्या मागे नेऊन ठेवला! समोरचे गृहस्थ आधी हसले, मग त्यांनी पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, चाल बेकायदा, पण राजाला हात लावलाय तेव्हा आता राजाच हलवावा लागेल. राजाला जायला एकच घर होतं. तिथे गेला आणि पुढच्याच चालीत मात झाली.

"काका, काय केलंत हे!" मी बाहेर आल्या आल्या ओरडले.

"मी नाई केलं, हातानं केलं," काका म्हणाले. "मले मालूम हाय नवे नेम. हाताले कोन सांगन?" आणि उजवा हात माझ्यापुढे धरला, जणू मी त्याला दोन गोष्टी समजावून सांगणार होते. त्या हरण्यानं आमचा नंबर गेला. परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम मागच्या सीटवर जाऊन बसले. त्यांना काही फरक पडला नाही. ते पुढच्या सीटवरच्या बाईंना मेथी दोन दिवस कशी टिकवायची ते सांगत होते.

लीगच्या रविवारी आम्ही चौघं सकाळच्या बसनं वर्ध्याला जायचो. मी, ढोबळे सर, पोस्टातले इंगोले आणि काका. काकांबरोबर सांबाराचं पोतं. ते आधी बाजारात उतरवायचं, मग बुद्धिबळ. काका हॉलमध्ये शिरेपर्यंत त्यांचं घड्याळ सुरू होऊन दहा मिनिटं गेलेली असायची. नखांत माती, हाताला सांबाराचा वास, आणि अर्ध्या तासात पांढऱ्या सोंगट्या मातकट. एकदा समोर बसलेल्या मॅडमनी न राहवून त्यांच्यापुढे ओला रुमाल केला. काकांनी मनापासून आभार मानले आणि त्यानं तोंड पुसलं. मी जाऊन माफी मागितली. कप्तान म्हणजे दुसरं काय असतं? फॉर्म भरायचे, बसच्या वेळा बघायच्या आणि काकांच्या वतीनं माफी मागायची. स्टँडजवळ माझं मेडिकल आहे. रविवारचं दुकान बंद ठेवून मी हा उद्योग करत होते, कारण मला ती ढाल हवी होती. दर वर्षी ढाल वर्ध्याचा संघ घेऊन जायचा आणि आम्हा तालुक्यावाल्यांना 'प्रोत्साहनपर' प्रमाणपत्र मिळायचं. माझ्या दुकानात अशी सात प्रमाणपत्रं होती. मला प्रोत्साहन नको होतं हो, मला जिंकायचं होतं!

आता एक गोष्ट कबूल करते, आजवर कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या वर्षापासून मी काकांना पहिल्या बोर्डावर बसवायला लागले. हिशेब सरळ होता. पहिल्या बोर्डावर समोरच्या संघाचा सगळ्यात तगडा खेळाडू असतो. काका कुठेही बसले तरी हरणारच, तर मग त्या तगड्याशीच हरू देत, बाकी तिघं आम्ही सांभाळू. काकांना वाटलं मी त्यांना मान दिला. धुतलेला शर्ट घालून यायला लागले. "कप्तानानं पयल्या बोर्डावर बसवलं," असं बाजारात सांगायचे. मी ऐकायचे आणि दुसरीकडे बघायचे.

त्यांना शांत डाव शिकवायचा प्रयत्नही मी केला. 'लंडन' नावाची एक सुरुवात आहे. तिच्यात सगळं कसं जागच्या जागी, दारं-खिडक्या बंद, कुणाला प्यादं द्यायचं नाही, कुणाचं घ्यायची घाई नाही. हरायला कठीण. मी पुस्तक मागवून दिलं. "लंडन?" काका म्हणाले. "सेलूतून वर्ध्याले जाता जाता मले दम लागते." आठवड्यानं पुस्तक परत आणून दिलं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. "वाचलं. झोप लय मस्त लागली." काळ्या सोंगट्या आल्या की ते काय करायचे त्याबद्दल मी बोलतच नाही. तो तमाशा वेगळाच होता.

वर्ध्याच्या संघात पहिल्या बोर्डावर वकीलसाहेब बसायचे. उंच, गोरे, खिशाला दोन पेनं, प्रत्येक चाल लिहिताना अक्षर मोत्यासारखं. ओळीनं तीन वर्षं काकांची आणि त्यांची गाठ पडली, तिन्ही वेळा पांढऱ्या सोंगट्या काकांकडे आल्या, तिन्ही वेळा काका गंमत खेळले आणि तिन्ही वेळा वकीलसाहेबांनी ते प्यादं घेऊन, पचवून काकांना हरवलं. माणूस वाईट नाही. पण तिसऱ्यांदा हरवल्यावर हात मिळवता मिळवता म्हणाले, "काका, हा डाव पारावर ठीक आहे हो. इथे नाही चालत." मी शेजारीच उभी होते. काका हसले. पण बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी तंबाखूची पुडी दोनदा काढली आणि दोन्ही वेळा न मळताच परत ठेवली. शेजारचा एक म्हातारा उतरल्यावर माझ्याकडे वळले.

"बाई, एक डाव. वकिलाले ह्याच डावानं एक बार मात देतो. एकच बार. मंग तुमी म्हनान ते खेळतो. लंडन खेळतो, पॅरिस खेळतो."

"आणि तोवर आम्ही हरत राहायचं?"

"तुमी काऊन हरता? तुमी जितत राहा."

माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

मग मागच्याच्या मागच्या वर्षीचा शेवटचा रविवार. कसं कुणास ठाऊक, पण त्या मोसमात आम्ही सगळे बरे खेळलो होतो, आणि शेवटचा सामना जिंकला की ढाल आमची, असा योग आला होता. समोर वर्ध्याचा संघ. पहिल्या बोर्डावर वकीलसाहेब. सकाळी स्टँडवर तर्री-पोहे खाताना मी काकांपुढे दोन मागण्या ठेवल्या. एक, आज गंमत नाही. दुसरी, कुणी बरोबरी मागितली तर आधी मला विचारायचं. लीगच्या नियमात तेवढी मुभा आहे. खेळाडूनं कप्तानाला विचारावं आणि कप्तानानं घ्या किंवा नको एवढंच म्हणावं, बाकी डावाबद्दल अक्षर बोलायचं नाही. काकांनी पोहे संपवले, तर्री पिऊन टाकली.

"पयलं नाई जमत बाई. दुसरं कबूल."

"काका, आयुष्यात एकदा माझं ऐका. एकदा!"

"दुसरं कबूल म्हनलं ना."

दुसऱ्या मागणीचा काही उपयोग नव्हता हे मला ठाऊक होतं. आठ वर्षांत काकांनी एकदाही बरोबरी घेतली नव्हती. "बरोबरी कराची तं एवढ्या लांब आलो कायले?" हे त्यांचं ठरलेलं.

तिसऱ्या बोर्डावरून मी पाहत होते. पांढऱ्या सोंगट्या पुन्हा काकांकडे. राजापुढचं प्यादं दोन घरं. ठीक आहे. वकीलसाहेबांचंही दोन घरं. आणि मग काकांचा हात उंटापुढच्या प्याद्याकडे गेला. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ते चक्क हसले. माझं रक्त इतकं उसळलं की त्या रागात मी माझा डाव सव्वा तासात जिंकून टाकला. माझ्या समोरच्या बिचाऱ्या गृहस्थांना कळलंच नाही की मी कुणावर चिडले आहे. मग इंगोले हरले. मग ढोबळे सर जिंकले. दोन-एक. आता फक्त पहिला बोर्ड. काकांनी अर्धा गुण आणला तरी ढाल आमची. हरले तर दोन-दोन, आणि मोसमभराच्या सरस गुणांवर ढाल पुन्हा वर्ध्याला.

काका अजून खेळत होते. दोन तास उलटून गेले होते आणि काका खुर्चीत होते, हेच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. मी एकदाच पटाकडे नजर टाकली. एक हत्ती गेलेला, एक उंट गेलेला, राजा भर रस्त्यात उभा. ते बघून मी दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिले. पाय कापत होते. सात प्रमाणपत्रं डोळ्यांसमोर येत होती आणि आठवंही दिसायला लागलं होतं.

"बाई."

वळून बघते तर काका. मागे पंच उभे.

"वकीलसाहेब बरोबरी म्हनते. घेऊ का?"

माझा कानांवर विश्वास बसेना. एक हत्ती आणि एक उंट जास्त असलेला माणूस बरोबरी मागतोय! का मागतोय, हा प्रश्न माझ्या टाळक्यात आला नाही. मला वाटलं, घड्याळाला घाबरला असेल, उपकार करत असेल, काय वाटेल ते असेल. आता तो मागे घ्यायच्या आत घ्या!

"घ्या," मी म्हणाले. "लगेच घ्या."

काका हलले नाहीत. एकदा पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "घेऊ?"

"काका, हात जोडते. घ्या!"

"बरं," काका म्हणाले. गेले, हात पुढे केला. वकीलसाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

मग काय, नुसता जल्लोष. इंगोल्यांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. ढाल, फोटो, पेढे, पत्रकार म्हणून आलेला एक जण नावं विचारत होता. फोटोत काका कडेला आहेत, अर्धे. चार वाजता शेतातल्या पाण्याच्या मोटारीला वीज येते म्हणून त्यांना आधीची बस हवी होती. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. "बघा काका, एक दिवस माझं ऐकलंत आणि ढाल आली," असं मी म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की कानाखाली मारून घ्यावंसं वाटतं. काका म्हणाले, "हौ ना." आणि बस पकडायला गेले.

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळ्यांचे डाव फोनमध्ये उतरवून ठेवते, तसे उतरवत बसले. काकांच्या कागदावरच्या गिचमिड अक्षरातून एकेक चाल शोधत शेवटच्या चालीवर आले. वकीलसाहेबांची चाल झाली होती, पाळी काकांची होती. आणि फोननं क्षणात दाखवलं: पांढऱ्याची मात, चार चालींत.

घोड्याचा शह. घोडा मागे घेऊन वजिराचा आणि घोड्याचा दुहेरी शह. मग वजीर राजाच्या शेजारी नेऊन फुकट द्यायचा, तो हत्तीनं मारायचा, आणि आपल्याच हत्तीनं आणि आपल्याच प्याद्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्यानं मात. ही काही फार खोल विद्या नव्हे. सुट्टीच्या वर्गात मी मुलांना पहिल्या महिन्यात ही मात शिकवते. मी! म्हणून तर वकीलसाहेब बरोबरी मागत होते. सगळ्या हॉलमध्ये ती फक्त मलाच दिसली नव्हती, कारण मी बघितलंच नव्हतं.

शटर अर्धं ओढून मी तशीच स्कूटी काढली आणि वाडीवर गेले. काका सांबाराच्या जुड्या बांधत होते.

"काका, चार चालींत मात होती. तुम्हाला दिसली होती?"

काकांनी दोरीचा तुकडा दातानं तोडला. "नाई वो बाई. मले कुठं एवढं दिसते? माहा तं हत्तीच गेलता."

"शपथ?"

"घ्या, ही जुडी घेऊन जा. ताजी हाय."

आणि मला बरं वाटलं. खरं तेच सांगते. जीव भांड्यात पडला, कारण मला तेच ऐकायचं होतं. जुडी घेऊन मी परत आले आणि संध्याकाळी सांबारवडी केली. दोन घास जास्तच खाल्ले.

पुढच्या मोसमात काका आले नाहीत. आधी खोकला म्हणाले, मग ताप म्हणाले, मग वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा त्यांनी गप्पा मारल्या त्या वांग्यांवरच्या किडीबद्दल. तिसऱ्यांदा निघायच्या आधीच त्यांच्या घरून फोन आला.

तेरवी होऊन आठवडा झाल्यावर वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांना उशिरा कळलं होतं, घर माहीत नव्हतं, दाखवाल का म्हणाले. आम्ही दोघं गेलो. काकू अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. ओळख करून दिली, वर्ध्याचे वकीलसाहेब, काकांच्या समोर खेळायचे ते. काकूंनी सूप बाजूला ठेवलं आणि त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"म्हंजे हेच का ते? ज्यायले ह्यायनं हरवलं ते?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंना म्हटलं, "काकू, त्या दिवशी बरोबरी झाली होती."

"ते मालूम हाय मले. बरोबरी झाली, पन हरवलं होतं." काकू उठल्या, आतून पट आणि डबा घेऊन आल्या. "मले ह्या खेळातलं काई येत नाई बापा. पन एवढं पाठ हाय. त्या दिवशी आल्या आल्या, चपला काढाच्या आधी, हे मांडून बसले. मोटार चालू कराची राहून गेली. मले म्हने, बस अन् पाह्य. मंग चार-पाच दिवस रोज तेच. जेवाले वाढलं का, हे मांडाचं."

त्यांनी काळा राजा कोपऱ्यात ठेवला. त्याच्यापुढे दोन प्यादी, ओळीत लांब एक हत्ती. पांढरा वजीर, पांढरा घोडा. सहा सोंगट्या. "बाकीचे त्यायनं मांडलेच नाई. म्हने बाकीच्यायचं काम नाई." मग बोटांनी, लसणाचा वास असलेल्या बोटांनी, एकेक चाल करायला लागल्या. "हा घोडा इथं. राजा सरकला. घोडा मांगं, आता दोघायचाबी शह. राजा पुन्हा कोपऱ्यात. आता वजीर देऊन टाकाचा. हत्तीनं तो खाल्ला. अन् हा घोडा पुन्हा इथं." त्यांनी वर बघितलं. "झाली ना मात?"

"झाली, काकू," वकीलसाहेब म्हणाले. "मला दिसली होती. म्हणूनच मी बरोबरी मागितली."

काकू माझ्याकडे वळल्या. त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता; त्यांना खरंच समजत नव्हतं. "मंग तुमी काऊन घेतली वो बाई?"

मेडिकलच्या काउंटरवर मी दिवसभर शंभर जणांना उत्तरं देते. त्या दिवशी जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"मी भ्याले, काकू."

"हौ," काकू म्हणाल्या. "तेबी तसंच म्हनत होते. पोर भेली, म्हने. दोनदा विचारून पाह्यलं म्हने तिले, पन लटलट कापून राह्यली होती. एवढ्या लोकायत तिले कायले खोटं पाडाचं?"

मग मी रडले, वकीलसाहेबांसमोर, अगदी हुंदके देऊन. आणि रडता रडता मला काकांचा असा काही संताप आला की ते समोर असते तर पुन्हा ओरडले असते. आठ वर्षं घसा फोडून सांगितलं, एक गोष्ट ऐकली नाही ह्या माणसानं. आणि ऐकली ती नेमकी ही!